डिस्ट्रो ग्रबच का बसवतात, आणि आपल्या मशीनवर तो ठेवायचा की बदलायचा

डेबियन, उबुंटू किंवा फेडोरासारखा डिस्ट्रो (लिनक्सचं तयार वितरण) बसवताना बूटलोडर, म्हणजे मशीन चालू होताना कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) उठवणारा छोटा प्रोग्रॅम, कोणता हवा हे इन्स्टॉलर सहसा विचारत नाही. ग्रब बसवून मोकळा होतो. यात ग्रब सगळ्यांत चांगला असल्याचा निवाडा नाही. डिस्ट्रो बनवणाऱ्यांना असा बूटलोडर लागतो, जो त्यांनी कधीच न पाहिलेलं मशीनही उठवेल: बायोस हे जुनं फर्मवेअर (मशीन चालू होताच सर्वांत आधी धावणारा, मदरबोर्डमधला प्रोग्रॅम) असलेला २००८ चा डेस्कटॉप, सिक्युअर बूट (फक्त सही केलेलाच बूटलोडर चालू देणारी तपासणी) चालू असलेला नवा लॅपटॉप, रेडवर (एकत्र जोडलेल्या अनेक डिस्कांवर) रूट म्हणजे मुख्य पार्टिशन ठेवलेला सर्व्हर, शेजारी विंडोज असलेली डिस्क. म्हणून निवड होते ती सर्वांत अडचणीच्या मशीनकडे बघून. तुमच्यासमोर एकच मशीन आहे, आणि त्याची माहिती दहा मिनिटांत काढता येते. डिस्ट्रोंनी ज्या कारणांनी ग्रब घेतला, त्याच कारणांवर आपलं मशीन तपासायचं आहे. म्हणून आधी कारणं बघू, मग तपासणी आणि बदल.

खालच्या आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत टाइप करायची.

लिलो का मागे पडला

ग्रबच्या आधी बहुतेक ठिकाणी लिलो होता. वर्नर आल्म्सबर्गर यांनी तो १९९२ मध्ये लिहायला घेतला. लिलोला फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) कळत नसे. कर्नल डिस्कवरच्या कोणत्या ब्लॉकांमध्ये आहे याचा नकाशा तो आधीच करून ठेवी आणि बूटच्या वेळी तेवढेच ब्लॉक उचली. कर्नल बदलला की ‘लिलो’ ही आज्ञा पुन्हा चालवावीच लागे. राहून गेली, तर नकाशा जुन्या जागेकडेच बोट दाखवी आणि मशीन अडे. बूट होताना ‘एल’, ‘आय’, ‘एल’, ‘ओ’ ही अक्षरं टप्प्याटप्प्याने स्क्रीनवर उमटत, आणि कितव्या अक्षरावर गाडी थांबली यावरून बिघाड शोधावा लागे. पहिली दोनच अक्षरं दिसली, तर दुसरा टप्पा लोड झाला पण चालू शकला नाही, असा अर्थ.

कर्नलचं अपडेट पॅकेजमधून आपोआप येऊ लागल्यावर ही एक पायरी फार महाग पडू लागली. ग्रब फाइलसिस्टिम स्वतः वाचतो आणि कर्नलची फाइल नावाने शोधतो. एरिक बोलिन यांनी १९९५ मध्ये तो ग्नू हर्ड या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लिहिला, १९९९ मध्ये तो ग्नूचं अधिकृत पॅकेज झाला आणि २००१ च्या रेड हॅट लिनक्स ७.२ मध्ये डिफॉल्ट बनला. दुसरा फायदाही तितकाच मोठा होता. मेनूवर ‘ई’ दाबून कर्नलची ओळ जागच्या जागी बदलता येते. कॉन्फिगमध्ये चूक झाली तरी मशीन हातातून जात नाही. हजारो लोकांना मदत करणाऱ्या डिस्ट्रोसाठी याचं मोल फार आहे.

स्लॅकवेअरने मात्र २०२२ च्या १५.० आवृत्तीतही लिलो ठेवला. तिथे अपडेटनंतरची कामं वापरणाऱ्याने स्वतः करायची, असं गृहीतच असतं. लिलोचा विकास २०१५ च्या अखेरीस थांबला होता.

आजचा ग्रब म्हणजे ग्रब २, नव्याने लिहिलेला. उबुंटूने तो ऑक्टोबर २००९ च्या ९.१० आवृत्तीत डिफॉल्ट केला, तेव्हा तो अजून १.९७ च्या बीटा अवस्थेत होता. २.०० आलं २०१२ मध्ये. डिफॉल्ट होण्यासाठी सॉफ्टवेअर पूर्ण झालेलं असावं लागतं असं नाही. पुढची वाट त्याच्याकडे आहे अशी खात्री पुरते.

सहीची साखळी

आज ग्रबला हलवणं अवघड का, याचं सर्वांत जड कारण सिक्युअर बूट. पीसीच्या फर्मवेअरमध्ये मायक्रोसॉफ्टच्या चाव्या असतात. डिस्ट्रोचा बूटलोडर कुठेही सेटिंग न बदलता चालायचा असेल, तर साखळीतल्या पहिल्या कडीवर मायक्रोसॉफ्टची सही लागते. जीपीएल ३ परवान्याखालच्या कोडवर मायक्रोसॉफ्ट सही करत नाही, आणि ग्रब नेमका त्याच परवान्याखाली आहे. त्यावर मॅथ्यू गॅरेट यांनी २०१२ मध्ये ‘शिम’ काढला. हा अगदी छोटा, मोकळ्या परवान्याचा प्रोग्रॅम. मायक्रोसॉफ्ट शिमवर सही करते, शिमच्या पोटात डिस्ट्रोचं प्रमाणपत्र असतं, शिम त्यावरून ग्रब तपासतो आणि ग्रब पुढे कर्नल.

शिमच्या प्रत्येक नव्या बिल्डला जाहीर पुनरावलोकनातून जावं लागतं आणि त्यात वेळ जातो. शिम आपल्या शेजारी डिफॉल्टने जी फाइल शोधतो, तिचं नावही कोडमध्येच कोरलेलं आहे: ‘ग्रबएक्स६४.ईएफआय’. इतकी वर्षं घासून बसलेली ही वाट सोडून नवी वाट आखायची, तर सही, पुनरावलोकन, अपडेटच्या स्क्रिप्ट, इन्स्टॉलर सगळंच हलवावं लागतं. डिस्ट्रो ते सहजासहजी करत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

या साखळीची किंमतही आहे. जुलै २०२० मध्ये ‘बूटहोल’ नावाचा दोष जाहीर झाला. ग्रबची कॉन्फिग फाइल सही केलेली नसते, आणि ती वाचताना बफर ओव्हरफ्लो (मेमरीत ठरलेल्या जागेबाहेर लिहिलं जाणं) होत होता; म्हणजे सिक्युअर बूट चालू असूनही मधली कडी उघडी. दोष असलेल्या प्रत्येक बायनरीला हॅशने (फाइलच्या ठशाने) रद्द करायचं, तर फर्मवेअरमधली मोजकी जागा संपून जाईल. म्हणून २०२१ मध्ये शिममध्ये ‘एसबॅट’ ही पिढीनुसार रद्द करण्याची पद्धत आली. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटने एसबॅटची पातळी वाढवली आणि जुना शिम असलेल्या ड्युअल बूट मशीनवर ‘शिमच्या एसबॅट माहितीची पडताळणी फसली’ असा संदेश येऊन लिनक्स उठेनासं झालं.

तसं झालं तर क्रम असा: फर्मवेअरमध्ये सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा, लिनक्समध्ये जा, ‘मोकयूटिल --सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट’ ही आज्ञा सुडोने द्या आणि सिक्युअर बूट बंदच ठेवून एकदा लिनक्समध्ये परत या. मग शिम आणि ग्रबची पॅकेजं अपडेट करा, त्यानंतरच सिक्युअर बूट पुन्हा चालू करा. शेवटची पायरी आधी केली की तोच संदेश पुन्हा.

सगळं वाचता येण्याचं ओझं

ग्रब ईएक्सटी४, एक्सएफएस, बीटीआरएफएस या फाइलसिस्टिम, एलव्हीएम (डिस्कची जागा लवचीकपणे वाटणारी व्यवस्था), सॉफ्टवेअर रेड, लक्स हे डिस्कचं एन्क्रिप्शन हे सगळं कर्नलशिवाय वाचतो. ओपनसूसेमध्ये जुन्या स्नॅपशॉटवरून (सिस्टिमच्या जपून ठेवलेल्या स्थितीवरून) थेट बूट करता येतं ते यामुळेच. बायोसवरही तो तसाच चालतो: एमबीआरमधल्या (डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधल्या) ४४६ बाइटांत पहिला तुकडा, आणि पुढच्या मोकळ्या जागेत मुख्य भाग.

पण हे वाचन ग्रबने स्वतः नव्याने लिहिलेलं आहे, कर्नलकडून घेतलेलं नाही. त्यामुळे तो नेहमी थोडा मागे असतो. २०२३ च्या ई२एफएसप्रॉग्ज १.४७ ने (ईएक्सटी४ ची साधनं) नवं ईएक्सटी४ बनवताना ‘मेटाडेटा सीसम सीड’ हे वैशिष्ट्य आपोआप चालू केलं, ग्रब २.०६ ला ते ओळखता येत नाही आणि तो ‘अनोळखी फाइलसिस्टिम’ म्हणून हात वर करतो. लक्स २ चंही तसंच. लक्सचं साधन क्रिप्टसेटअप पासवर्डपासून चावी काढायला डिफॉल्टने आर्गॉन२ ही पद्धत वापरतं, पण मूळ ग्रब २.१२ पर्यंत फक्त पीबीकेडीएफ२ समजतो. म्हणून ‘/बूट’ (कर्नल ठेवायचा फोल्डर) एन्क्रिप्टेड ठेवायचं असेल तर ती चावी मुद्दाम पीबीकेडीएफ२ ने बनवावी लागते. बीटीआरएफएस किंवा रेडवर ग्रब वाचू शकतो, लिहू शकत नाही. ‘मागच्या वेळी निवडलेलंच उघड’ ही सेटिंग तिथे दिली की दर बूटला ‘स्पार्स फाइल चालणार नाही’ किंवा ‘डिस्कफिल्टरवर लिहिता येत नाही’ अशी तक्रार येते. मशीन उठतं, पण निवड लक्षात राहत नाही.

एवढा कोड म्हणजे दोषांनाही तेवढी जागा. फेब्रुवारी २०२५ मध्ये ग्रबसाठी एकाच वेळी ७३ सुरक्षा पॅचेसची मालिका आली.

सिस्टमडी-बूट हा दुसरा बूटलोडर याच्या नेमका उलट विचार करतो. २०१२ मध्ये के सीव्हर्स आणि हाराल्ड होयर यांनी ‘गमीबूट’ म्हणून तो सुरू केला, २०१५ मध्ये तो सिस्टमडी या लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रकल्पात आला. तो फाइलसिस्टिम वाचायच्या भानगडीत पडत नाही. फर्मवेअरला जे वाचता येतं, म्हणजे फॅट, तेवढंच वापरतो. कर्नल आणि इनिटरामएफएस (सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरांचं छोटं गाठोडं) ईएफआय पार्टिशनवरच (फर्मवेअर बूटलोडर शोधतं त्या फॅट पार्टिशनवर) ठेवायचे आणि प्रत्येक कर्नलसाठी एक छोटी मजकूर फाइल लिहायची. बायोसवर तो चालतच नाही, आणि जनरल डिस्ट्रोच्या डिफॉल्टमधून तो बाद होतो तो मुख्यतः इथेच.

जिथे मशीनचा प्रकार ठरलेला असतो, तिथे निवडही वेगळी दिसते. पॉप ओएस यूईएफआयवर (बायोसनंतरच्या नव्या फर्मवेअरवर) सिस्टमडी-बूट वापरतं आणि बायोसवर ग्रब. निक्सओएसमध्ये यूईएफआयसाठी सिस्टमडी-बूटच रूढ आहे. अल्पाइन बायोसवर सिसलिनक्स घेतं, कारण त्यांना लहान हवं असतं. रास्पबेरी पायला स्वतःचं फर्मवेअर आहे, आर्मच्या इतर अनेक बोर्डांवर यू-बूट असतो आणि आयबीएमच्या मेनफ्रेमवर झिपल. फेडोराने ग्रब ठेवूनच मधला मार्ग काढला: २०१९ च्या फेडोरा ३० पासून प्रत्येक कर्नलची नोंद स्वतंत्र छोट्या फाइलीत जाते, सिस्टमडी-बूटची पद्धत ग्रबच्या आत. आम्हाला हा मार्ग सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण कर्नल आला-गेला की एकच फाइल जोडली किंवा काढली जाते, सगळा मेनू नव्याने लिहावा लागत नाही.

आपलं मशीन तपासा

‘/सिस/फर्मवेअर/ईएफआय’ हा फोल्डर आहे का बघा. नसेल तर मशीन बायोस पद्धतीने उठलं आहे. ग्रब ठेवा, पुढचा प्रश्नच नाही. फक्त डिस्कवर पार्टिशनांची नोंद जीपीटी या नव्या पद्धतीने असेल तर १ एमआयबीचं बायोस बूट पार्टिशन लागतं. जीडिस्क या पार्टिशन करण्याच्या साधनात त्याचा प्रकार ‘ईएफ०२’. ते फॉरमॅट करायचं नाही आणि माउंटही करायचं नाही. ते नसेल तर ‘ग्रब-इन्स्टॉल’ एम्बेडिंग शक्य नसल्याचं सांगून थांबतो. जुन्या एमबीआर डिस्कवर पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू होत असेल, तर मधली जागा जेमतेम ३१ केआयबी असते. रेड आणि एलव्हीएमचे मॉड्यूल घातलेला ग्रब त्यात मावेलच असं नाही. आजची पार्टिशनं २०४८ व्या सेक्टरपासून सुरू होतात, तिथे ही अडचण नाही.

फोल्डर असेल तर ‘बूटसीटीएल स्टेटस’ चालवा. सिक्युअर बूट चालू आहे का, सध्याचा बूटलोडर कोणता, ईएफआय पार्टिशन कुठे माउंट आहे, हे सगळं एकाच ठिकाणी दिसतं. मग ‘डीएफ -एच’ ने त्या पार्टिशनची जागा बघा. विंडोजच्या इन्स्टॉलरने बनवलेलं पार्टिशन बऱ्याचदा फक्त १०० एमबीचं असतं. ग्रबला ते पुरतं, कारण तिथे त्याचे काही एमबीच लागतात. सिस्टमडी-बूटला पुरत नाही: एक कर्नल १० ते १५ एमबी, इनिटरामएफएस ३० पासून १०० एमबीच्या पुढे, एनव्हिडियाचे ड्रायव्हर आत गेले तर आणखी मोठं, आणि असे दोन-तीन संच. नवं पार्टिशन करत असाल तर सरळ १ जीआयबी द्या. जुनं वाढवता येत नसेल तर त्याच डिस्कवर ‘ईए००’ प्रकारचं दुसरं फॅट पार्टिशन करून ते ‘/बूट’ वर माउंट करा. सिस्टमडी-बूट तिथले कर्नल उचलतो.

कर्नल फॅट पार्टिशनवर आले की ते एन्क्रिप्टेड राहत नाहीत, हेही आधीच मान्य करावं लागतं. स्नॅपशॉटमधून मेनूवरूनच मागे जायची सवय असेल, ‘/बूट’ रेडवर असेल, किंवा सिक्युअर बूट डिस्ट्रोच्याच सहीने चालवायचं असेल, तर ग्रब सोडू नका. यूईएफआय, एकच डिस्क, पुरेशी जागा, आणि कर्नलचा मेनू सोपा हवा, एवढंच असेल तर बदल सुखाचा होतो.

बदल करताना

उदाहरण डेबियन १२ चं. सर्वांत आधी ‘/ईटीसी/कर्नल/सीएमडीलाइन’ ही फाइल बनवा आणि ‘/प्रॉक/सीएमडीलाइन’ मधली ओळ तिच्यात ठेवा, सुरुवातीचा ‘बूट इमेज’ चा तुकडा वगळून. ही पायरी अनेक जण टाळतात आणि फसतात. फाइल नसेल तर स्क्रिप्ट सध्या चालू असलेल्या कर्नलची ओळ घेते. तुम्ही लाइव्ह यूएसबीवरून क्रूटमध्ये (डिस्कवरच्या सिस्टिममध्ये शिरून) काम करत असाल तर ती ओळ यूएसबीची असते, आणि पुढच्या बूटला तुमचं रूट पार्टिशन सापडत नाही.

मग ‘सिस्टमडी-बूट’ पॅकेज बसवा. ते ‘बूटसीटीएल इन्स्टॉल’ स्वतः चालवतं आणि कर्नल ईएफआय पार्टिशनवर, मशीन आयडीच्या नावाच्या फोल्डरात, नेऊन ठेवतं. ‘बूटसीटीएल लिस्ट’ मध्ये निदान एक नोंद दिसते का, आणि त्या नोंदीतला रूटचा यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) ‘बीएलकेआयडी’ च्या यूयूआयडीशी जुळतो का, हे डोळ्यांनी बघा. ‘लोडर.कॉन्फ’ मध्ये टाइमआउट ३ ठेवा, आणि मशीन इतरांच्या हाती लागत असेल तर ‘एडिटर नो’ लिहा. नाहीतर मेनूवर ‘ई’ दाबून कोणीही कर्नलच्या ओळीत बदल करून थेट रूट शेल मिळवू शकतो.

ग्रब लगेच काढू नका. ‘ईएफआयबूटएमजीआर’ दाखवतो त्या यादीत दोघांच्या नोंदी शेजारी राहू शकतात. नवा बूटलोडर निदान दोन कर्नल अपडेट व्यवस्थित पार करू दे. अपडेटनंतर नवी नोंद आली का, आणि जुना कर्नल काढल्यावर त्याची जागा मोकळी झाली का, हे दोन्ही दिसलं की मगच ग्रबची पॅकेजं काढा. ईएफआय पार्टिशन भरलं तर इनिटरामएफएस अर्धवट कॉपी होतं आणि कर्नल रूट माउंट न करता पॅनिक करतो; तेव्हा मेनूतून जुना कर्नल निवडून आत जा आणि जागा मोकळी करून पॅकेज पुन्हा कॉन्फिगर करा.

स्वतःच्या चाव्यांनी सिक्युअर बूट चालवायचं असेल तर आर्चमध्ये ‘एसबीसीटीएल’ सोयीचं आहे. चाव्या भरताना ‘-एम’ द्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या चाव्याही राहतील. ग्राफिक्स कार्डांचं ऑप्शन रॉम (कार्डावरचाच सुरुवातीचा प्रोग्रॅम) बहुधा त्याच चाव्यांनी सही केलेलं असतं. त्या काढल्या की काही मशीन स्क्रीनच दाखवत नाहीत आणि फर्मवेअरच्या सेटिंगपर्यंत पोचणंही बंद होतं.

ग्रब ठेवलात तर

ग्रबचे बहुतेक बिघाड एकाच कारणाने होतात: डिस्कवर बसलेला ग्रब आणि त्याची कॉन्फिग वेगवेगळ्या आवृत्तीची असतात. ऑगस्ट २०२२ मध्ये आर्च आणि एंडेव्हरओएसच्या अनेक मशीनवर हेच झालं. नव्या पॅकेजने बनवलेल्या कॉन्फिगमध्ये ‘एफडब्ल्यूसेटअप’ (फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये नेणारी आज्ञा) चा नवा पर्याय होता, आणि जुन्या बसलेल्या ग्रबला तो माहीत नव्हता. आर्चमध्ये पॅकेज अपडेट झालं तरी ‘ग्रब-इन्स्टॉल’ आपोआप चालत नाही. म्हणून तिथे ग्रब अपडेट झाला की आधी ‘ग्रब-इन्स्टॉल’, मग ‘ग्रब-एमकेकॉन्फिग’, दोन्ही चालवा.

मेनूतून विंडोज गायब झालं असेल तर कारण असं: २.०६ पासून ओएस-प्रोबर (डिस्कवरच्या इतर सिस्टिम शोधणारा प्रोग्रॅम) डिफॉल्टने बंद असतो. ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ मध्ये ‘ग्रब डिसेबल ओएस प्रोबर’ (सगळी मोठी अक्षरं, शब्दांमध्ये अंडरस्कोर) फॉल्स करा आणि कॉन्फिग पुन्हा बनवा.

‘ग्रब रेस्क्यू’ असा प्रॉम्प्ट आला, तर ग्रबचा मुख्य भाग उठला आहे पण त्याचे मॉड्यूल सापडत नाहीत. पार्टिशनांचे क्रमांक बदलल्यावर हे हमखास होतं. ‘एलएस’ ने पार्टिशनं बघा, ‘/बूट/ग्रब’ कुठे आहे ते शोधा, ‘सेट प्रीफिक्स’ ने ती जागा द्या, मग ‘इन्समॉड नॉर्मल’ आणि ‘नॉर्मल’. मेनू येतो. आत गेल्यावर ‘ग्रब-इन्स्टॉल’ करायलाच हवं, नाहीतर पुढच्या बूटला तोच प्रॉम्प्ट.

काहीच उठत नसेल तर लाइव्ह यूएसबी यूईएफआय पद्धतीनेच उघडा. फर्मवेअरच्या यादीत एकाच यूएसबीच्या दोन नोंदी असतात, त्यातली ‘यूईएफआय’ लिहिलेली घ्या. दुसरी घेतली तर ग्रब बायोससाठी बसायला जातो. रूट पार्टिशन माउंट करा, त्याच्या आत ईएफआय पार्टिशन, मग ‘डेव्ह’, ‘प्रॉक’, ‘सिस’, ‘रन’ बाइंड करा आणि ‘ईएफआयव्हार्स’ ही माउंट झालंय याची खात्री करा. त्याशिवाय फर्मवेअरमध्ये नोंद लिहिली जात नाही. क्रूट करून ‘ग्रब-इन्स्टॉल’, मग ‘अपडेट-ग्रब’. काही लॅपटॉपांचं फर्मवेअर नव्या नोंदी जपतच नाही. तिथे ‘--रिमूव्हेबल’ देऊन पुन्हा बसवा, म्हणजे ग्रब ‘ईएफआय/बूट/बूटएक्स६४.ईएफआय’ या ठरलेल्या जागीही जातो.

फेडोरावर यूईएफआय मशीनसाठी ‘ग्रब२-इन्स्टॉल’ चालवायचं नाही. ते सही नसलेला ग्रब बनवतं आणि सिक्युअर बूट तो नाकारतं. तिथे शिम आणि ग्रब२-ईएफआयची पॅकेजं ‘डीएनएफ रीइन्स्टॉल’ ने पुन्हा बसवायची. आणि ईएफआय पार्टिशनवरची ‘ग्रब.सीएफजी’ ही फेडोरा ३४ पासून फक्त वाट दाखवणारी काही ओळींची फाइल आहे. खरी कॉन्फिग ‘/बूट/ग्रब२’ मध्ये असते, ‘ग्रब२-एमकेकॉन्फिग’ चं आउटपुट तिथेच द्या.